एका इंडक्टरचे तीन कोअर

परत आलेल्या युनिटमधल्या इंडक्टरचं कडं, म्हणजे तार गुंडाळलेला कड्याच्या आकाराचा चुंबकीय कोअर, मुळात पिवळं होतं, एक बाजू पांढरी. माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्या पिवळ्याचा भाजक्या विटेचा रंग झाला होता आणि तारेवरचं इनॅमल नखाने खरवडलं की भुगा होऊन पडत होतं. कडं इंडक्टन्स मोजणाऱ्या एलसीआर मीटरला लावलं. मीटरने १८ मायक्रोहेन्री दाखवले. कपाटातलं कोरं कडं काढून लावलं, तेही १८. म्हणजे मीटरच्या लेखी या इंडक्टरला काही झालेलंच नव्हतं.

या एका इंडक्टरसाठी आम्ही पुढे एकामागून एक तीन मटेरियल वापरली. पहिल्या दोन वेळा चुकलो, आणि दोन्ही चुका वेगवेगळ्या होत्या. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतो आहे.

काम साधंच होतं. ४८ व्होल्टवरून १२ व्होल्ट, २० अँपिअर देणारा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), स्विचिंग १०० किलोहर्ट्झ. एक आवर्तन १० मायक्रोसेकंदांचं. स्विच त्यातले २.५ चालू, ७.५ बंद. बंद असताना इंडक्टरवर १२ व्होल्ट उलटे बसतात, तेव्हा १२ गुणिले ७.५, म्हणजे ९० व्होल्ट-मायक्रोसेकंद. कोअर कोणताही घाला, हे ९० कुठे जात नाहीत. १२ मायक्रोहेन्री ठेवले तर रिपल, म्हणजे दर आवर्तनातला करंटचा चढउतार, ७.५ अँपिअर, आणि शिखर पावणेचोवीसच्या आसपास. करंट लिमिट ३० अँपिअरला लावलेलं होतं. या तीन आकड्यांवर, म्हणजे २० चा डीसी, ७.५ चा रिपल आणि ३० ची मर्यादा यांवर, पुढचं सगळं रामायण घडलं.

पहिला कोअर: लोखंडाची भुकटी

पिवळं-पांढरं कडं म्हणजे आयर्न पावडर, पर्मिएबिलिटी (फ्लक्स वाहू देण्याची क्षमता) ७५. बाहेरचा व्यास ३३ मिलिमीटर. लोखंडाचे बारीक कण, प्रत्येकाभोवती विद्युतरोधक थर, आणि सगळं बांधून ठेवणारा सेंद्रिय बाइंडर. कणाकणांमधली ती सूक्ष्म अंतरं मिळूनच एअर गॅप तयार होतो, वेगळी फट ठेवावी लागत नाही. स्वस्त, सहज मिळणारं, आणि जास्त करंट दिला तरी एकदम हात न टेकणारं. आमच्या आधीच्या डिझाइनमध्ये हेच होतं, म्हणून इथेही आलं. खरं सांगायचं तर ती निवड नव्हती, सवय होती.

१५ फेरे घातले. करंट नसताना १८ मायक्रोहेन्री. २० अँपिअर सोडले की चुंबकीय क्षेत्र ४५ ओर्स्टेडच्या आसपास जातं आणि या मटेरियलची पर्मिएबिलिटी तिथे जवळजवळ निम्म्यावर आलेली असते. उरतात १० मायक्रोहेन्री. रिपल ७.५ ऐवजी ९ अँपिअर. हे आम्हाला माहीत होतं आणि चालणारं होतं. आउटपुट कपॅसिटर तेवढा रिपल पचवत होते.

जे आम्ही कागदावर मांडलं नव्हतं ते म्हणजे कोअर लॉस, कोअरमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती. ९० व्होल्ट-मायक्रोसेकंदांना १५ फेऱ्यांनी आणि ७० चौरस मिलिमीटरच्या छेदाने भागलं की फ्लक्सचा झोका निघतो ८६ मिलिटेस्ला. लॉसच्या आलेखांत निम्मा झोका धरतात, म्हणजे ४३. या मटेरियलला १०० किलोहर्ट्झवर ४३ मिलिटेस्ला दिले की दर घन सेंटिमीटरमागे पाऊण वॅटच्या वर उष्णता होते. कड्याचं आकारमान पावणेसहा घन सेंटिमीटर. म्हणजे साडेचार वॅटच्या घरात, नुसत्या कोअरमध्ये. वर तांब्याचे दोनेक वॅट.

प्रयोगशाळेत उघड्या टेबलावर, पंख्याच्या झोतात, हे कडं ८५ अंशांच्या आसपास स्थिरावलं होतं. आम्ही समाधानाने मान डोलावली. वापराच्या जागी तेच कडं बंद पेटीत होतं, पेटीतली हवाच ४५ अंशांची, झोत नावापुरता. तिथे ते ११५-१२० ला जात असणार, आणि तिथून खरी गोष्ट सुरू होते.

सेंद्रिय बाइंडर शंभराच्या वर सतत राहिला की हळूहळू खचतो. कणाकणांमधला रोध कमी होतो आणि एडी करंटला (बदलत्या फ्लक्समुळे धातूत भोवऱ्यासारखा फिरणारा प्रवाह) एका कणातून दुसऱ्या कणात जायला वाट मिळते. लॉस वाढतो, कडं आणखी तापतं, बाइंडर आणखी खचतो. ही वाट एकाच दिशेची आहे. कडं थंड केलं म्हणून बाइंडर परत येत नाही. पर्मिएबिलिटी मात्र या सगळ्यात फारशी हलत नाही, कारण कण तिथेच असतात आणि अंतरंही जवळपास तेवढीच. म्हणून एलसीआर मीटर १८ म्हणत होता. मी मीटर १ किलोहर्ट्झवर ठेवला होता. १०० किलोहर्ट्झवर नेऊन इंडक्टन्सऐवजी समतुल्य रोध पाहिला, तेव्हा जुन्या कड्याचा रोध नव्याच्या कितीतरी पट निघाला. परत आलेला इंडक्टर तपासताना फक्त इंडक्टन्स बघणं म्हणजे तापलेल्या माणसाची उंची मोजण्यासारखं आहे.

इथे एक हिशेबाची गोम. लॉसचे आलेख साइन लहरीवर काढलेले असतात. त्यांच्यामागचं घातांकाचं सूत्र विद्युत अभियंता स्टाइनमेट्झने १८९२ मध्ये मांडलं आणि त्याचं मूळ रूप लोखंडातल्या हिस्टेरेसिससाठी (चुंबकत्व उलटसुलट करताना वाया जाणाऱ्या ऊर्जेसाठी) होतं. आमची लहर त्रिकोणी, तीही तिरकी: फ्लक्स अडीच मायक्रोसेकंदांत चढतो आणि साडेसातांत उतरतो. त्या अडीच मायक्रोसेकंदांपुरता कोअरला स्विचिंग २०० किलोहर्ट्झ असल्यासारखंच भासतं. तेव्हा आलेखातून काढलेले साडेचार वॅट ही खालची बाजू समजावी. ड्यूटी (आवर्तनातला स्विच चालू असण्याचा हिस्सा) निम्म्यापासून जितकी लांब, तितकी ही चूक मोठी.

दुसरा कोअर: फेराइट

लॉसने मारलं म्हटल्यावर आम्ही सरळ दुसऱ्या टोकाला गेलो. मँगनीज-झिंक फेराइट, गोल मधल्या पायाचा ई कोअर, छेद ९७ चौरस मिलिमीटर. फेराइट हे सिरॅमिक, त्याचा रोध धातूच्या तुलनेत प्रचंड, त्यामुळे एडी करंटचा त्रास जवळपास नाही. ९ फेरे, मधल्या पायात पाऊण मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त फट, १२ मायक्रोहेन्री. निम्मा झोका ५२ मिलिटेस्ला, आणि कोअर लॉस? जेमतेम एक दशांश वॅट. साडेचारावरून एक दशांशावर! मीटिंगमध्ये हा आकडा मीच मोठ्या अभिमानाने वाचून दाखवला होता.

तोच आकडा खरं तर धोक्याची खूण होता. पण तेव्हा ती वाचता आली नाही.

संपृक्ततेचा, म्हणजे कोअर आणखी फ्लक्स घेईनासा होतो त्या मर्यादेचा, हिशेब आम्ही केला होता. ३० अँपिअरच्या मर्यादेला १२ मायक्रोहेन्री, ९ फेरे, ९७ चौरस मिलिमीटर: ०.४१ टेस्ला. डेटाशीटच्या पहिल्या पानावर ०.४९. ऐसपैस जागा. त्या ०.४९ च्या शेजारी बारीक अक्षरात २५ अंश लिहिलेलं असतं. १०० अंशांचा आकडा खालच्या ओळीत, ०.३९. इतर मटेरियलांत तापमानाने संपृक्तता थोडीफार घसरते. फेराइटमध्ये ती एवढी घसरते, कारण त्याचं क्युरी तापमान (जिथे चुंबकीय गुण संपतो ते) दोनशेच्या थोडं वर असतं आणि शंभर अंश म्हणजे त्या दिशेने बरीच वाटचाल झालेली असते. त्यातून ते संपृक्त होतं ते भुकटीसारखं लाजतमुरडत नाही. फटीमुळे काटकोनी झालेला इंडक्टन्सचा आलेख डोंगरकड्यावरून खाली उडी मारतो.

शॉर्ट सर्किट चाचणी आम्ही थंड युनिटवर केली. उत्तीर्ण. पूर्ण भारावर दिवसभर चालवलं, शिखराला फ्लक्स ०.३३ टेस्ला, गरम झाल्यावरही ठीक. दोन्ही चाचण्या झाल्या, पण एकत्र झाल्या नाहीत. गरम युनिट बंद करून लगेच मोठ्या रिकाम्या कपॅसिटर बँकेवर चालू करायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. वापरणाऱ्याच्या हातून ते पहिल्याच आठवड्यात झालं.

स्कोपवर नंतर ते पुन्हा घडवून पाहिलं. आउटपुट शून्याजवळ असताना स्विच चालू झाला की इंडक्टरवर पूर्ण ४८ व्होल्ट असतात, करंट मायक्रोसेकंदाला ४ अँपिअरने चढतो. सरळ रेषा. अठ्ठावीसच्या आसपास ती रेषा वाकली आणि मग जवळजवळ उभी झाली. करंट लिमिटचं सर्किट जागं होऊन गेट बंद करेपर्यंत ०.३ मायक्रोसेकंद लागतात. कोअर ठीक असेल तर तेवढ्यात करंट १.२ अँपिअरने पुढे जातो. इंडक्टन्स दहाव्या हिश्शावर आला असेल तर १२ ने. पुढच्या आवर्तनात तो खाली उतरायला व्होल्टेज नाही, कारण आउटपुट अजून रिकामंच आहे. तिसऱ्या-चौथ्या आवर्तनाला मॉस्फेट, म्हणजे स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर, गेला. आवाज छोटासाच झाला, वास मात्र खोलीभर पसरला.

फेराइट सुटलं असतं का? सुटलं असतं. ११ फेरे घातले तर ३० अँपिअरला ०.३४ टेस्ला, गरमातही जागा उरते. आम्ही तसे नमुने करूनही घेतले. पण फेरे वाढले की तोच इंडक्टन्स राखायला फट वाढवावी लागते. ती आता १.२ मिलिमीटर झाली. वाइंडिंग करणाऱ्या ताईंनी चाचणीनंतरचा नमुना उलगडला आणि मला हाक मारली. ‘सर, हे बघा, तार फक्त मधल्या पट्ट्यात काळी पडलीय. वर-खाली कोरी आहे.’ बरोबर फटीसमोरचे दोन-तीन फेरे. फटीतून फ्लक्स फुगून बाहेर येतो, शेजारच्या तांब्यातून जातो आणि तिथे एडी करंट फिरवतो. रिपल साडेसात अँपिअरचा, तेव्हा हा फुगवटाही तसाच जोरदार. तापमान मोजणारा थर्मोकपल आम्ही बाहेरच्या थरावर चिकटवला होता, तिथे सगळं शांत होतं. फट दोन-तीन ठिकाणी वाटून देता येते, तार फटीपासून लांब ठेवता येते. दोन्ही उपाय चांगले आहेत, पण बॉबिनमधली जागा खातात, आणि आमच्याकडे जागाच नव्हती.

त्या रात्री मी दोन्ही डिझाइनचे आकडे शेजारी शेजारी लिहिले. भुकटीच्या कड्यात लॉस साडेचार वॅट. फेराइटमध्ये एक दशांश. फेराइट आम्ही घेतलं ते कमी लॉससाठी, आणि तो गुण आमच्या कामात खर्चच होत नव्हता. लॉसच्या बाबतीत ते मोकळं बसून होतं आणि संपृक्ततेच्या बाबतीत गळ्यापर्यंत बुडालेलं होतं. एखादा कोअर एका बाजूने इतका निवांत असेल, तर तो निवांतपणा आपण दुसऱ्या बाजूने भरतो आहोत: जास्त फेरे, जास्त तांबं, जास्त फट. भुकटीचं उलट. डीसी करंट तिने छान सोसला, रिपलने तिला शिजवलं.

मग आमची जागा मध्ये होती. डीसीच्या मानाने रिपल साधारण तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त, १०० किलोहर्ट्झ. रिपल आणखी बारीक असता तर लोखंडाची भुकटी चालून गेली असती. करंट दर आवर्तनात शून्याला टेकून येणारा असता, किंवा स्विचिंग कैक पटींनी जास्त असतं, तर फेराइटशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. मटेरियल निवडताना आम्ही आधी पर्मिएबिलिटी बघायचो, मग संपृक्तता, मग लॉस. आता आधी रिपल आणि डीसीचं प्रमाण काढतो. बाकीचं डेटाशीट त्यानंतर.

तिसरा कोअर: सेंडस्ट

मधल्या जागेत मिश्रधातूच्या भुकट्या येतात. निकेल, लोखंड आणि थोडं मोलिब्डेनम असलेली एमपीपी लॉसला सगळ्यांत कमी, पण निकेल ऐंशी टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे किंमत चढलेली. निम्मं निकेल, निम्मं लोखंड अशी हाय फ्लक्स डीसी बायसखाली (सतत वाहणाऱ्या डीसी करंटखाली) सर्वांत ताठ उभी राहते, लॉस मात्र सेंडस्टपेक्षा जास्त. साडेसहा टक्के सिलिकॉनचं लोखंड त्याहून स्वस्तात तसाच ताठपणा देतं, लॉस आणखी वर. आणि सेंडस्ट: ८५ टक्के लोखंड, ९ टक्के सिलिकॉन, ६ टक्के अॅल्युमिनियम. निकेल अजिबात नाही. मिश्रधातू इतका ठिसूळ की तो भुकटीच्याच कामाचा. १९३० च्या दशकात जपानमधल्या सेंडाई शहरातल्या विद्यापीठात हाकारू मासुमोतो यांनी तो शोधला. सेंडाईची धूळ म्हणून सेंडस्ट. संशोधकांना नावं ठेवता येत नाहीत असं कोण म्हणतं!

आमच्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण जाहिरातीत नसतो: या कड्यांत सेंद्रिय बाइंडर नाही. दाबून बनवल्यावर ती पाचशे अंशांच्या वर भाजलेली असतात, त्यामुळे १२० अंशांनी त्यांचं काही बिघडत नाही. ज्या आजाराने पहिलं कडं गेलं तो आजार इथे होतच नाही. उष्णतेने खराब होतो तो फक्त बाहेरचा रंगाचा थर आणि तारेचं इनॅमल.

त्याच ३३ मिलिमीटर मापाचं कडं घेतलं, म्हणजे बोर्ड बदलावा लागला नाही. पर्मिएबिलिटी ६० की १२५ यावर मात्र दोन दिवस गेले. १२५ चा मोह स्वाभाविक आहे, तेवढ्याच फेऱ्यांत दुप्पट इंडक्टन्स. पण तो दुप्पट करंट नसतानाचा. २० अँपिअरला १२५ ची घसरण इतकी होते की दोघांत फार फरक उरत नाही, आणि ३० च्या पुढे १२५ मागेच पडतं. शेवटी धातू तोच आहे, कणांमधली अंतरं तेवढी कमी-जास्त. १२५ चा खरा फायदा हलक्या भारावर, तिथे रिपल अगदी कमी होतो. तोटा असा की शून्यापासून मर्यादेपर्यंत इंडक्टन्स तिपटीने हलतो आणि आउटपुट स्थिर ठेवणारा कंट्रोल लूप जुळवणाऱ्याची झोप उडते. आमचा लूप जुळवणारा मीच असल्यामुळे ६० ठरलं.

१६ फेरे. करंट नसताना साडेपंधरा मायक्रोहेन्री. २० अँपिअरला क्षेत्र ४९ ओर्स्टेड, पर्मिएबिलिटी पाऊणपट उरते, म्हणजे साडेअकरा. ३० ला नऊच्या आसपास. इथे उडी मारणारा कडा नाही, उतार आहे. निम्मा झोका ४३ मिलिटेस्ला, कोअर लॉस साधारण ०.७ वॅट. तार १ मिलिमीटरची, तीन तारा समांतर, सोळा फेऱ्यांच्या अठ्ठेचाळीस तारा कड्याच्या आतल्या परिघावर एकाच थरात बसतात. बसतात म्हणजे अगदी बसतात. शेवटचा फेरा घालताना ताईंना लाकडी काडीने बाकीच्या तारा दाबून धराव्या लागतात. दुसरा थर टाळला, कारण रिपलचा एसी लॉस थर वाढले की झपाट्याने वाढतो. तांब्याचे अडीच वॅट. आता तापमानातली वाढ चाळीस अंशांच्या आसपास, आणि तिचा मोठा वाटा तांब्याचा.

चाचणी या वेळी उलट क्रमाने घेतली. युनिट बंद पेटीत, पूर्ण भारावर, तापमान स्थिर होईपर्यंत चालवलं. मग बंद करून दहा सेकंदांत रिकाम्या कपॅसिटर बँकेवर चालू केलं. असं पन्नास वेळा. स्कोपवर रेषा तिसाजवळ थोडी वर वळते, पण वळते तेवढीच. एक मॉस्फेट गेला नाही. हजार तास भट्टीत ठेवलेल्या कड्यांचा १०० किलोहर्ट्झवरचा रोध आधी आणि नंतर मोजला. फरक मीटरच्या चुकीएवढाच.

एक तक्रार उरली. अगदी हलक्या भारावर कन्व्हर्टर आवर्तनं गाळत चालतो आणि गाळण्याची लय कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येते. सेंडस्टचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन (चुंबकीय क्षेत्राने आकार बदलणं) शून्याच्या जवळ असतं, तेव्हा कडं स्वतः गप्प असावं. गुणगुणत होते ते बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर. त्यांच्यातले काही बदलले, गुणगुण बरीच कमी झाली.

आणि पिवळी-पांढरी कडी? एक खोकाभर उरली होती. त्याच कन्व्हर्टरच्या इनपुट फिल्टरला एक इंडक्टर लागतो. तिथून डीसी बराच जातो, पण रिपल आधीच्या कपॅसिटरांनी जवळपास गिळलेला असतो, त्यामुळे फ्लक्सचा झोका नगण्य. पेटीतली हवा ४५ अंशांची असताना कडं ६० ला असतं. वर्षभराने एक युनिट उघडलं, तेव्हा ते अजून पिवळंधमक होतं.